दोन पॉईंटांची शिक्षा

या वीकेंडचा विषय रुक्ष आहे, आधीच सांगून ठेवतो. कार इन्शुरन्स. त्यातही, लायसन्स सस्पेंड असताना गाडी चालवली म्हणून कोर्टाने ज्याला दोषी ठरवलं, त्याचा कार इन्शुरन्स. "आपला काय संबंध?" असं वाटत असेल तर जरा थांबा. संबंध आहे, आणि तो थेट तुमच्या प्रीमियमशी आहे.

इथे कॅलिफोर्नियात आपल्या मंडळींत असा विषय निघाला की एक ठरलेलं वाक्य येतं: "नियम मोडला ना? मग भरा!" ऐकायला चोख वाटतं. पण या वाक्यात एक बग आहे. लायसन्स मुळात सस्पेंड का झालं होतं, हे कोणी विचारतच नाही.

गंमत म्हणजे कायदा ते विचारतो. बेदरकार ड्रायव्हिंग वगैरे कारणांनी लायसन्स गेलं असेल आणि तरी गाडी चालवली, तर व्हेइकल कोडचं कलम १४६०१. दारूच्या गुन्ह्यामुळे गेलं असेल तर १४६०१.२. आणि उरलेल्या कारणांसाठी १४६०१.१. उरलेली कारणं म्हणजे काय? मुलांच्या पोटगीचे हप्ते थकले, अपघाताच्या वेळी इन्शुरन्स नव्हता, अशी. ट्रॅफिकचा दंड भरला नाही म्हणूनही पूर्वी लायसन्स जायचं. ते राज्याने २०१७ मध्ये बंद केलं.

म्हणजे वर्गवारी छान केली. आणि मग पॉईंट देताना सगळं एकाच कॉलममध्ये ओतून टाकलं. तिन्ही कलमांना दोन पॉईंट. दारू पिऊन गाडी चालवली तरी दोन, धडक देऊन पळून गेलं तरी दोन. पासष्टच्या झोनमध्ये ऐंशीने गेलात तर मात्र एक. पोटगी थकलेला माणूस शांतपणे पन्नासच्या स्पीडने कामावर गेला, तर त्याचं रेकॉर्ड त्या ऐंशीवाल्यापेक्षा वाईट! आपल्यापैकी कोणी असं स्कीमा डिझाईन केलं असतं तर कोड रिव्ह्यूमध्ये सोलून काढला असता.

आता या दोन पॉईंटांचा हिशोब बघा. १९८८ साली लोकांनी मतदान करून आणलेल्या प्रपोझिशन १०३ प्रमाणे तीन वर्षांत एकपेक्षा जास्त पॉईंट नसलेला, निदान तीन वर्षं लायसन्स असलेला माणूस हा 'गुड ड्रायव्हर'. त्याला किमान २० टक्के सूट मिळते, आणि कंपनी त्याला पॉलिसी नाकारू शकत नाही. दोन पॉईंट पडले की दोन्ही गोष्टी गेल्या. ८० डॉलरला मिळणारी पॉलिसी १०० ला, म्हणजे २५ टक्के वाढ. ही नुसती सूट गेल्याची. ड्रायव्हिंग रेकॉर्ड हा कायद्यानेच प्रीमियमचा पहिला निकष असल्यामुळे त्याचा भार वेगळा.

"गरिबांसाठी सरकारी स्कीम असेल की." आहे ना. कॅलिफोर्निया लो कॉस्ट ऑटो इन्शुरन्स, कायदा १९९९ चा. उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या अडीचपटीच्या आत हवं. शिवाय व्हेइकल कोडखाली मिसडिमीनरची शिक्षा झालेली नसावी. आणि १४६०१.१ हा मिसडिमीनरच आहे. म्हणजे ज्याला स्कीमची सगळ्यात जास्त गरज, त्यालाच दार बंद.

आता सगळं जोडून बघू. पैसे नाहीत म्हणून पॉलिसी लॅप्स झाली. मग कोणीतरी येऊन ठोकलं. चूक त्याची, पण कोणाला लागलं असेल किंवा नुकसान हजार डॉलरच्या वर असेल, तर इन्शुरन्स नाही म्हणून डीएमव्ही तुमचं लायसन्स सस्पेंड करते. चार वर्षांपर्यंत. नोकरी टिकवायची म्हणून गाडी काढली, पकडले गेलात: ३०० ते १,००० डॉलर दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. वर ते दोन पॉईंट. वर्षभराने लायसन्स परत मिळू शकतं, पण एसआर-२२ लागतो, म्हणजे 'या माणसाकडे किमान इन्शुरन्स आहे' असं कंपनीने डीएमव्हीला दिलेलं प्रमाणपत्र. ते तीन वर्षं टिकवायचं. पैसे भरता आले नाहीत आणि पॉलिसी रद्द झाली, की कंपनी डीएमव्हीला कळवते आणि लायसन्स पुन्हा सस्पेंड. शिवाय १ जानेवारी २०२५ पासून सक्तीच्या इन्शुरन्सची किमान मर्यादाच वाढली आहे. इन्फिनाइट लूप म्हणतात तो हाच.

"मग गाडी चालवायचीच कशाला? ट्रेनने जावं." हे कोण म्हणतंय, तर कंपनीच्या शटलमध्ये लॅपटॉप उघडून बसणारे आपण. ट्रेसी किंवा स्टॉकटनला राहून रात्रपाळीला बे एरियात येणाऱ्याने कुठली ट्रेन पकडायची? न्यू जर्सीत सरकारी टास्क फोर्सने २००६ च्या अहवालासाठी लायसन्स गेलेल्यांचा सर्व्हे केला होता. त्यातल्या ४२ टक्के लोकांची नोकरी गेली होती. नोकरी गेलेला माणूस पोटगी कशातून भरणार, आणि प्रीमियम कशातून?

आणि वकील परवडतो त्याचं काय होतं? वकील अनेकदा सरकारी पक्षाशी तडजोड करून १४६०१.१ च्या जागी 'विनालायसन्स गाडी चालवणे', म्हणजे कलम १२५००, बसवून घेतात. ज्याला वकील परवडत नाही, तो दोन पॉईंट घेऊन घरी जातो.

लायसन्स सस्पेंड असताना गाडी चालवणारे सगळे बिच्चारे असतात, असं माझं म्हणणं नाही. दारूसाठी लायसन्स गेलं आणि तरी चालवतोय, त्याला दोन कशाला, चार पॉईंट द्या. रिस्क जास्त तर प्रीमियम जास्त, हे गणित मला मान्य आहे. पण मग रिस्क मोजा ना! पोटगीची थकबाकी ही रस्त्यावरची रिस्क नाही.

आता तुमचा संबंध. पॉलिसीचं बिल काढा, त्यात 'अनइन्शुअर्ड मोटरिस्ट' नावाची एक ओळ असेल. ज्याच्याकडे इन्शुरन्स नाही त्याने तुम्हाला ठोकलं तर खर्च कोणी उचलायचा, त्याची ती किंमत. ज्याला आपण "मग भरा" म्हणून बाहेर ढकलतो, तो गाडी विकून मोकळा होत नाही. तो इन्शुरन्सशिवाय तुमच्याच लेनमधून जातो. शिक्षा त्याला, बिल तुम्हाला.

फिक्स तसा छोटा आहे. १४६०१.१ चे पॉईंट सस्पेन्शनच्या कारणावरून ठरवा. कारण ड्रायव्हिंगशी संबंधित नसेल तर शून्य. दंड ठेवा हवा तर. आणि लो कॉस्ट स्कीमचं दार अशा लोकांना उघडा. कारणाची नोंद डीएमव्हीकडे आहेच, फक्त बेरीज करताना ती फेकून देऊ नका.

असो. पुढच्या वेळी कोणी "नियम मोडला ना?" म्हणालं, तर एवढंच विचारा: कुठला?