कात्री ठेवा बाजूला!

हल्ली तालुक्याच्या गावातही पर्शियन मांजरं दिसू लागली आहेत. मुलं हट्ट करतात, बाबा कौतुकानं आणून देतात आणि महिन्याभरात ते मांजर आईच्या गळ्यात पडतं. खाणं-पिणं, घाण काढणं सगळं तिच्याकडेच. केस विंचरायचे मात्र राहूनच जातात. मग एक दिवस कानामागे, काखेत, पोटाखाली घट्ट जटा हाताला लागतात आणि घरातलं कुणीतरी म्हणतं, "आण गं कात्री, टाकू कापून!"

मैत्रिणींनो, इथंच थांबा. मांजराची कातडी फार पातळ आणि सैल असते. जट आवळली की तीही वर ओढली जाते. आपल्याला वाटतं नुसते केस कापतोय, आणि कात्रीत कातडी येते. त्यात मांजरानं उसळी मारली तर टाकेच घालावे लागतात. आंघोळ घालणं हाही उपाय नव्हे. पाण्यानं जट आणखी घट्ट होते.

गुंता छोटा असेल तर मुळाशी केस चिमटीत धरा, म्हणजे कातडी ओढली जात नाही. थोडं कॉर्नफ्लोअर चोळून बोटांनी सोडवा. मग टोकाकडून सुरुवात करून फणी हळूहळू मुळाकडे न्या. मांजर कंटाळलं की सोडा, राहिलेलं उद्या. जट कातडीलगत असेल, कातडी लाल झाली असेल, तर सरळ जनावरांच्या डॉक्टरांकडे न्या. ते मशिननं केस काढतात, गरज पडली तर गुंगी देतात. दुखतंय म्हणून घरातली पॅरासिटामॉल मात्र कधीही देऊ नका. मांजराच्या ती जिवावर बेतते. आणि एरवी नीटनेटक्या मांजराला एकाएकी जटा होऊ लागल्या तर ते आजारी नाही ना, हेही तपासून घ्या. म्हातारं, लठ्ठ किंवा दुखणाईत मांजर स्वतःचं अंग नीट चाटू शकत नाही.

खरा प्रश्न कात्रीचा नाहीच, रोजच्या दहा मिनिटांचा आहे. ती दहा मिनिटंही आईच्याच खात्यात का जावीत? ज्यानं मांजराचा हट्ट धरला, त्याच्या हातात फणी द्या. आणि तेवढा वेळ घरात कुणाकडेच नसेल, तर आपलं आखूड केसांचं गावठी मांजर काय वाईट आहे? त्याची वेणीफणी ते स्वतःच करतं!