साइडपट्टी कुणाची?

शिळफाटा म्हटलं की मुंबईकरांना ठाण्याजवळचा शिळफाटा आठवतो. मी म्हणतेय तो खोपोलीचा. जुना मुंबई-पुणे महामार्ग आणि पालीकडे जाणारा रस्ता जिथे भेटतात, तो हा नाका. अष्टविनायकांतले महडचा वरदविनायक आणि पालीचा बल्लाळेश्वर याच परिसरातले. २०१३ साली सुरू झालेलं इमॅजिका पालीच्या रस्त्यावर आणि घाट चढलं की लोणावळा. त्यामुळे शनिवार-रविवारी, पावसाळ्यात, चतुर्थीला सगळं जग इथून जातं. जाण्याबद्दल तक्रार नाही हो! प्रश्न आहे तो थांबण्याचा.

वडापाव घ्यायचाय, हार-नारळ घ्यायचाय, एटीएममधून पैसे काढायचेत. मग गाडी कुठे लावायची? समोर दिसेल त्या साइडपट्टीवर. हटकलं तर उत्तर ठरलेलं, "ताई, पाचच मिनिटं!" एकाची पाच मिनिटं संपतात तोवर दुसऱ्याची सुरू होतात आणि ती पट्टी दिवसभर मोकळी म्हणून होत नाही. याला फक्त पाहुणेच जबाबदार आहेत असंही नाही. आपले टेम्पोवाले, रिक्षावाले, दुकानदार आणि दारासमोर आडवी स्कूटी लावून भाजी घेणाऱ्या आपल्या मैत्रिणीसुद्धा यात आहेतच.

गाडी अडवते कुणाला? दुसऱ्या गाडीला फार तर हॉर्न वाजवावा लागतो. खरी अडते ती चालणारी. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात पोराचं बोट, अशी बाई उभ्या गाडीला वळसा घालण्यासाठी थेट डांबरी रस्त्यावर उतरते. मागून काय येतंय ते तिला दिसत नाही आणि मागून येणाऱ्याला ती दिसत नाही. घरात एकच मोटारसायकल असेल तर ती बहुतेक वेळा घरधनी कामावर नेतो. शाळा, बाजार, दवाखाना, रेशन हे सगळं बाईच्या पायांवर. म्हणून बेकायदा पार्किंग हा विषय मी या पुरवणीत मांडतेय. तो 'वाहतुकीचा' आहे तितकाच आपला आहे. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतली ३२,८२५ पायी चालणारी होती. जवळजवळ दर पाचातलं एक!

कायदा नाही असं नाही. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याच्या कलम १२२ प्रमाणे इतरांना धोका वा अडचण होईल अशी गाडी उभी करता येत नाही. कलम १२७ प्रमाणे मनाई असलेल्या जागी लावलेली गाडी उचलून नेता येते किंवा तिला जॅमर लावता येतो. मात्र हा आदेश हद्दीतल्या, गणवेशातल्या पोलिसानेच द्यायचा. क्रेनवरच्या पोरांनी परस्पर नव्हे. उचलून नेण्याचा खर्च मालकाचा, दंड वेगळा.

तरीही 'टोइंग' म्हटलं की लोकांच्या कपाळाला आठ्या पडतात, आणि त्या उगाच पडत नाहीत. नोव्हेंबर २०१७ मध्ये मालाडला तान्ह्या बाळाला घेऊन बसलेल्या आईसकट गाडी ओढून नेतानाची चित्रफीत देशभर फिरली. वाहतूक पोलीस निलंबित झाला. ऑगस्ट २०२१ मध्ये पुण्याच्या नाना पेठेत तर दुचाकीस्वारच गाडीसकट उचलला गेला. मार्च २०२२ मध्ये मुंबईचे तेव्हाचे पोलीस आयुक्त संजय पांडे यांनी प्रायोगिक तत्त्वावर टोइंग थांबवलं होतं. अशा प्रकारांचा राग यायलाच हवा. पण त्या रागाच्या भरात आपण एक विसरतो. टोइंग थांबलं की गाडीवाला सुटतो, चालणारी मात्र तिथेच अडकलेली राहते.

माझं दुखणं वेगळंच आहे. उचललं जातं ते अडथळा करणारं नव्हे, तर उचलायला सोपं असलेलं. दुचाकी पटकन चढते, म्हणून क्रेनवर दुचाक्यांची रांग. तिच्याच शेजारी अख्खा फुटपाथ अडवून उभी असलेली मोठी गाडी तशीच, ट्रक तर कुणी बघतही नाही. फार झालं तर जॅमर लागतो. आता बघा, जॅमर लावला की मालकाला शिक्षा होते हे खरं, पण गाडी हलायची ती हलतच नाही! वाट अडवलेल्या गाडीला जॅमर म्हणजे चालणाऱ्या बाईलाही शिक्षाच.

म्हणून मागणी नीट करायला हवी. नुसतं 'कारवाई करा' म्हणून भागायचं नाही. पहिली उचलायची ती पायवाट, बस थांबा, शाळेचं फाटक अडवणारी गाडी, मग ती कितीही मोठी आणि कुणाचीही असो. आत माणूस असेल तर आधी सांगा, उतरू द्या, पावती द्या. नो पार्किंगच्या पाटीबरोबर 'इथे लावा' अशीही पाटी हवी, कारण थांबायला जागाच नसेल तर माणूस साइडपट्टीच शोधणार. आणि गाडी हटल्यावर मोकळी होणारी जागा चालण्याजोगी हवी. इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषाप्रमाणे फुटपाथ निदान १.८ मीटर रुंद हवा. म्हणजे समोरासमोर आलेल्या दोघी पिशव्यांसकट सहज जातील इतका. हे काही फार मोठं मागणं नाही.

१४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की चालण्याजोगा, अडथळा नसलेला फुटपाथ हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. तेव्हा नगरपालिकेत किंवा पोलीस चौकीत अर्ज घेऊन जाल तेव्हा 'जरा बघा ना साहेब' असं अजीजीने म्हणू नका. एकट्याही जाऊ नका. बचत गटाच्या, महिला मंडळाच्या, शाळेच्या फाटकाशी भेटणाऱ्या चारजणी मिळून जा. कुठली जागा, किती वाजता, कसल्या गाड्या, हे लिहून न्या आणि अर्जाची पोच घ्या. आणि घरातला कुणी 'पाचच मिनिटं' म्हणत फुटपाथवर गाडी चढवू लागला, तर त्यालाही तिथल्या तिथे सांगा, की ही जागा कुणाच्या तरी पायांची आहे.