वाऱ्याशी खेळावे, पण आधी उलटायला शिकून

वारा ताशी तीस किलोमीटरच्या पुढे गेला की शहाणा नावाडी होडी किनाऱ्याला लावतो. लहान शिडाच्या होड्यांच्या, म्हणजे डिंगींच्या, शर्यतीला मात्र तेव्हाच रंग चढतो. ‘लेझर’ ही एकट्याने चालवायची डिंगी सव्वाचार मीटर लांब आणि जेमतेम साठ किलो वजनाची असते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की शिडावरचा जोर चौपट होतो. होडी पाण्यावरून अक्षरशः घसरत धावू लागते आणि ती कलंडू नये म्हणून खेळाडू पट्ट्यात पाय अडकवून अंग बाहेर झोकून देतो.

अशा वेळी मांडीचे आणि पोटाचे स्नायू बराच वेळ ताणलेले राहतात. स्नायूंमधला रक्तप्रवाह दबतो, नाडी आणि रक्तदाब चढतो, अ‍ॅड्रेनलिन वाढते. नजर वाऱ्यावर, एक हात सुकाणूवर, दुसरा शिडाच्या दोरीवर. मनात दुसरी चिंता शिरायला जागाच उरत नाही. म्हणून हा थरार हवाहवासा वाटतो. हृदयविकार किंवा अनियंत्रित रक्तदाब असणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय त्याच्या वाटेला जाऊ नये.

हा खेळ महाराष्ट्राला परका नाही. १९८२ च्या एशियाडमध्ये मुंबईच्याच समुद्रात फारुख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी फायरबॉल प्रकारात सुवर्णपदक जिंकले. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत विष्णू सरवणन यांनी लेझरमध्ये कांस्यपदक मिळवले.

बेफिकिरीला मात्र या खेळात थारा नाही. नवशिक्याला वेगाच्या आधी उलटणे शिकवतात. होडी मुद्दाम उलटवायची, तिला धरून राहायचे, ती सरळ करायची आणि पुन्हा चढायचे. अंगात लाइफ जॅकेट आणि जवळ बचाव नौका असतेच.

आता आपल्याकडे पाहा. कर्जत तालुक्याच्या सीमेला भिडणाऱ्या उजनीच्या जलाशयात २१ मे २०२४ रोजी वादळी वाऱ्याने प्रवासी बोट उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. शर्यतीत होडी उलटली तर खेळाडूचे काही सेकंद वाया जातात. रोजच्या प्रवासात उलटली तर घरेच्या घरे उद्ध्वस्त होतात. हा फरक तयारीचा आहे.

अहिल्यानगर जिल्ह्यात २६ टीएमसीचे मुळा धरण आहे, भंडारदरा आहे, निळवंडे आहे. एवढे पाणी असताना मुलांना फक्त ‘पाण्याजवळ जाऊ नका’ म्हणून भागणार नाही. जाणत्या प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली शाळांनी पोहणे शिकवावे, परवानगी मिळेल तिथे शिडाच्या होड्यांचे प्रशिक्षण सुरू व्हावे आणि लाइफ जॅकेटशिवाय एकही प्रवासी बोटीत चढू नये. मे महिन्यात दुपारनंतर आभाळ भरून आले तर फेरी रद्द करावी. बोट उलटलीच तर किनारा गाठण्याची घाई न करता तिला धरून राहावे.

थरार जरूर अनुभवावा. तो पेलण्याची तयारी मात्र किनाऱ्यावरच व्हायला हवी.