पणजीही सापडली पाहिजे

मोर्शीच्या तहसिलीत कोतवाल बुकाची नक्कल मागायला येणारा माणूस घाईत असतो. मुलाचा प्रवेश तोंडावर आलेला, जात पडताळणीची फाईल अडलेली, आणि ओबीसीसाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा हवा. पणजोबाची नोंद निघाली, नकलेवर शिक्का बसला, की रजिस्टर पुन्हा गठ्ठ्यात जाते.

ते तिथेच राहू नये.

कोतवाल बुक म्हणजे गावाच्या जन्म-मृत्यूंचे जुने रजिस्टर. मजकूर कुठे बाळबोध, कुठे मोडी. कागद असा की पान उलटताना कोपरा हातात येतो. तारीख, बापाचे नाव, जात, मुलगा की मुलगी, एवढेच. बाळाचे नाव बहुधा नसते, त्याचे बारसे व्हायचे असे. म्हणून तीन भावांतला आपला आजा कोणता, हे शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरातल्या जन्मतारखेशी ताडून पाहावे लागते. बाळाची आई तर बहुतेक नोंदींत नाहीच. 1 मे 2024 पासून जन्मलेल्यांच्या नावात आईचे नाव सक्तीचे झाले. त्याआधीच्या कितीतरी बायांचा माग मृत्यूच्या रकान्यातच काढावा लागतो.

इंग्लंडमध्ये 1538 साली थॉमस क्रॉमवेलने प्रत्येक पॅरिशला बाप्तिस्मा, लग्न आणि दफन लिहून ठेवायला लावले. त्या वह्या आज जिल्ह्याजिल्ह्यांच्या अभिलेखागारांत जपल्या आहेत, पुष्कळशा ऑनलाइनही आहेत. तिथल्या साध्या शेतमजुराच्या वंशजाला त्यासाठी कुठल्या दाखल्याचे कारण सांगावे लागत नाही.

आपल्याकडे हे जमणारच नाही, असे आता म्हणता येत नाही. 2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी मोडी वाचणारे शोधले गेले, पाने स्कॅन झाली, जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढली. शोध मात्र कुणबी नोंदींचाच होता. अमरावती-अकोल्याचे जुने सातबारे आणि फेरफार 'आपले अभिलेख'वर मिळतात, पण ज्याच्या नावावर एकरभरही जमीन नव्हती त्याचा पणजा सातबाऱ्यात कुठून येणार? त्याच्यासाठी कोतवाल बुकच. सिंभोऱ्याच्या अप्पर वर्धा धरणात ज्यांचे गाव गेले, त्यांनाही घराची जागा दाखवता येत नाही. नोंद तेवढी दाखवता येईल.

त्यामुळे प्रत्येक गावाचे बुक पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत स्कॅन व्हावे आणि गावानुसार, नावानुसार सूची व्हावी, बायांच्या नावांसकट. मुलताईकडे सोयरिकी असलेल्या घरांसाठी बैतूल जिल्ह्यातल्या नोंदीही या सूचीला जोडाव्यात. 1956 पर्यंत वऱ्हाड आणि बैतूल एकाच राज्यात होते.