काखेत कळसा

जून महिना उजाडला की वसई-विरारमधील महाविद्यालयांच्या आसपास झेरॉक्सच्या दुकानांपुढे रांगा लागू लागतात. कोणाच्या हाती वरच्या वर्गातील मित्राची टिपणे असतात, कोणाच्या हाती ग्रंथालयातून एका दिवसाच्या बोलीवर आणलेले पुस्तक. नेमलेली पुस्तके बाजारात मिळत नाहीत असे नव्हे. परंतु प्रत्येक विषयाचे एक पुस्तक, आणि सहा महिन्यांनी सत्र बदलले की पुन्हा तितकीच नवी पुस्तके, हा हिशेब अर्नाळ्याच्या मच्छीमाराच्या किंवा नालासोपाऱ्याच्या चाळीत राहणाऱ्या कामगाराच्या घरात जुळत नाही. मग पुस्तकाऐवजी ‘गाइड’ येते, गाइडाऐवजी अपेक्षित प्रश्नांची चार पाने येतात, आणि एकही ग्रंथ साद्यंत न वाचलेला पदवीधर पदवी घेऊन बाहेर पडतो. याचा दोष त्या मुलाच्या माथी मारून मोकळे होणे सोपे आहे. आमच्या मते तो दोष त्याचा नाही.

शिक्षणाच्या खर्चाची चर्चा आपल्याकडे शुल्कापाशी सुरू होते आणि शुल्कापाशीच संपते. शुल्काबाबत शासनाने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील, ठरावीक प्रवर्गांच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क माफ करण्याचा निर्णय राज्य शासनाने २०२४ साली घेतला. ते स्वागतार्हच होते. परंतु पुस्तकांचा खर्च या हिशेबात कोठेच येत नाही. पूर्वी पुस्तक हातोहात पुढे जाई. आम्ही शाळेत शिकवीत होतो तेव्हा वर्षाअखेरीस मुलांकडून पुस्तके गोळा करून ती खालच्या वर्गाला वाटणे हे आमचे ठरलेले काम असे. महाविद्यालयांतील पुस्तकपेढ्याही याच तत्त्वावर चालत आल्या. पण राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार राज्यातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून अभ्यासक्रम बदलू लागले आणि ती साखळी तुटू लागली. थोरल्या भावाचे पुस्तक धाकट्या बहिणीच्या उपयोगी पडेनासे झाले.

आणि नेमके येथेच ‘काखेत कळसा नि गावाला वळसा’ या म्हणीचा प्रत्यय येतो. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने २०१० साली महाविद्यालयांसाठी ‘एन-लिस्ट’ नावाची योजना सुरू केली. महाविद्यालयाने वर्षाकाठी काही हजारांची वर्गणी भरावयाची. त्या बदल्यात लाखाहून अधिक ई-पुस्तके आणि हजारो नियतकालिके विद्यार्थ्यांना व प्राध्यापकांना घरबसल्या वाचावयास मिळतात. विद्यार्थ्याला वेगळी दमडी मोजावी लागत नाही. खरगपूरच्या आय.आय.टी.ने उभारलेले आणि २०१८ साली राष्ट्रार्पण झालेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय तर कोणालाही खुले आहे. मुंबई विद्यापीठाच्या दूरशिक्षण विभागाने आपली पाठ्यपुस्तके महाजालावर ठेवली आहेत. राज्य मराठी विश्वकोश आणि साहित्य संस्कृती मंडळाची शेकडो पुस्तके विनामूल्य आहेत. अमेरिकेतील राइस विद्यापीठाने २०१२ साली ‘ओपनस्टॅक्स’ हा उपक्रम काढला. त्याची अर्थशास्त्र, मानसशास्त्र, जीवशास्त्र, संख्याशास्त्र अशा विषयांची तज्ज्ञांनी तपासलेली पाठ्यपुस्तके वसईच्या विद्यार्थ्यालाही तितकीच मोफत आहेत.

विहीर तुडुंब भरली आहे. मग तहान का भागत नाही? पोहऱ्याला दोर नाही म्हणून! विद्यार्थ्याला या संग्रहाचा संकेतशब्द मिळतो तो अर्ज केल्यावर, आणि अर्ज करावयाचा असतो हे त्याला कळते दिवाळीनंतर. ही अडचण ग्रंथपाल एका आठवड्यात दूर करू शकेल. खरी अडचण प्राध्यापकाच्या संदर्भसूचीत आहे. अनेक ठिकाणी ही सूची वर्षानुवर्षे जशीच्या तशी उतरविली जाते. तीतील कोणते पुस्तक ग्रंथालयाच्या ई-संग्रहात आहे, त्यातील कोणती प्रकरणे कोणत्या घटकासाठी वाचावयाची, हे तीत लिहिलेले नसते. लाखभर पुस्तकांच्या ढिगात अठरा वर्षांच्या मुलाने एकट्याने शोध घ्यावा अशी अपेक्षा करणे म्हणजे त्याला वसईच्या खाडीत ढकलून ‘पोहायला शीक’ म्हणण्यासारखे आहे. ई-पुस्तकांमुळे खर्च कमी होतो हे खरे. पण तो ई-पुस्तके असल्याने कमी होत नाही, ती अभ्यासक्रमाला नेमल्याने कमी होतो. हे काम विद्यार्थ्याचे नव्हे, शिक्षकाचे आहे.

या मार्गात काटे नाहीत असे आम्ही म्हणत नाही. एन-लिस्टमधील बहुतेक ग्रंथ इंग्रजी आहेत आणि विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाबरहुकूम लिहिलेली स्थानिक प्रकाशकांची पुस्तके त्यात सहसा सापडत नाहीत. मराठी माध्यमातून आलेल्या मुलीला त्या ग्रंथाचे पहिलेच पान डोंगराएवढे वाटते. काही ई-पुस्तके एका वेळी मोजक्याच वाचकांना उघडता येतात; वर्गणी थांबली की ती नाहीशीही होतात. म्हणून पुस्तक नेमण्यापूर्वी या अटी तपासणे आवश्यक आहे. आणखी एक आक्षेप आमच्या पिढीचा: पडद्यावरचे वाचन हे वाचनच नव्हे! कादंबरी वा काव्य हाती धरूनच वाचावे, हे आम्हांलाही मान्य आहे. परंतु येथे निवड छापील ग्रंथ आणि ई-ग्रंथ यांत नाही. ई-ग्रंथ आणि चार पानी ‘अपेक्षित’ यांत आहे. २०१३ पासून उपनगरी गाडी डहाणूपर्यंत जाऊ लागली. तीतून रोज विरारला येणारा विद्यार्थी तासभर मोबाइलच पाहत असतो. त्या तासात त्याला एक प्रकरण वाचता येणार नाही काय?

लेखक-प्रकाशकांच्या हक्काचाही विचार केला पाहिजे. मोबाइलवरून चोरीच्या प्रती सर्रास फिरतात, त्या लेखकाच्या पोटावर पाय देतात. ग्रंथालयाने वर्गणी भरून घेतलेले पुस्तक वाचण्यात मात्र कोणाचाही हक्क बुडत नाही. अध्यापनाच्या गरजेला कायद्यानेही जागा ठेवली आहे. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील झेरॉक्स दुकानाविरुद्ध बड्या परदेशी प्रकाशकांनी दावा लावला, तेव्हा १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम ५२ च्या आधारे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ साली अभ्यासक्रमासाठी उतारे एकत्र करून देण्याच्या पद्धतीच्या बाजूने कौल दिला. शिवाय लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी त्याचे साहित्य सर्वांचे होते. महात्मा फुले, आगरकर, हरिभाऊ आपटे, गडकरी, लक्ष्मीबाई टिळक यांचे लेखन या मर्यादेच्या केव्हाच पलीकडे गेले आहे. मराठीच्या विद्यार्थ्याला ते पैसे मोजून घ्यावे लागू नये.

मग करावयाचे काय? वसईतील वर्तक आणि गोन्सालो गार्सिया महाविद्यालयांपासून विरारच्या विवा महाविद्यालयापर्यंत येथील सर्वच संस्थांना आमची विनंती आहे. प्रवेशाच्या दिवशीच ओळखपत्राबरोबर संकेतशब्द द्यावा. पहिल्या आठवड्यात एक तास ग्रंथपालांच्या स्वाधीन करावा. प्रत्येक प्राध्यापकाने आपल्या विषयाची सूची नव्याने करून, विनामूल्य मिळणारे पुस्तक आणि त्यातील प्रकरणे तीत प्रथम लिहावीत. ज्यांच्या घरी धड मोबाइल नाही त्यांच्यासाठी ग्रंथालयातील संगणक संध्याकाळी उशिरापर्यंत चालू ठेवावेत. महापालिकेनेही आपल्या अभ्यासिकांत ही सोय करावी. आणि विद्यापीठाने सार्वजनिक पैशातून मराठीत पाठ्यग्रंथ लिहवून घेऊन ते सर्वांना खुले करावेत. पूर्वी नागपूरच्या विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळाने असे ग्रंथ काढले होते. तेव्हा जे जमले ते आज का जमू नये? शालेय वर्गांसाठी ‘बालभारती’ आपली पुस्तके महाजालावर मोफत देते. बारावीचा उंबरठा ओलांडताच विद्यार्थी श्रीमंत होतो, अशी कोणाची समजूत आहे काय?

हा जिल्हा ज्या ठाणे जिल्ह्यातून २०१४ साली वेगळा झाला, त्या ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ साली स्थापन झाले. ज्याला पुस्तक विकत घेणे परवडत नाही त्यालाही ते वाचावयास मिळावे, हाच ग्रंथालयांचा धर्म. पुस्तके कपाटाची शोभा वाढविण्यासाठी नसून वापरण्यासाठी असतात, हा ग्रंथालयशास्त्राचा पहिला नियम डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली सांगितला. आज कपाट अदृश्य झाले आहे, इतकेच. कुलूप मात्र अजून तसेच आहे. त्याची किल्ली शासनाकडे नाही आणि परदेशी प्रकाशकाकडेही नाही. ती प्राध्यापकांच्या टेबलावर पडून आहे. येत्या सत्रारंभी त्यांनी ती उचलावी.