‘पाठवून ठेव, बघतो!’

आपल्या मंडळाच्या यंदाच्या गणेशोत्सवात महाप्रसादाच्या रांगेत घडलेला एक प्रसंग अद्याप माझ्या मनातून जात नाही, आणि म्हणूनच संपादकांच्या मेहेरनजरेने हे दोन-चार रकाने मी अडवीत आहे. शाळेच्या व्यायामशाळेत, बास्केटबॉलच्या जाळीखाली, हातात कागदी ताटली घेऊन एक तरुण उभा होता. इंजिनिअरिंग सांगलीस केलेले, पुढे इथे अमेरिकेत येऊन डेटा सायन्सची मास्टर्स, आणि मे महिन्यात पदवी हाती पडूनही नोकरीचा पत्ता नाही. आम्ही पाच-सहा प्रौढ मंडळी त्याच्याभोवती जमलो आणि पाऊण तासात त्याचे मूळ गाव, आजोळ, भडंग हल्ली कोणत्या दुकानचे चांगले, खोलीचे भाडे किती आणि स्वयंपाक स्वतः करतो की डबा लावला आहे, इतका सारा तपशील काढून घेतला. नोकरीचा विषय त्याने भीतभीत काढला, तेव्हा मात्र आम्ही प्रत्येकाने, आरतीचे ध्रुपद उचलावे तसे, “रेझ्युमे पाठवून ठेव, बघतो” असे म्हटले आणि मसालेभाताकडे मोर्चा वळवला. परतताना गाडीत मागून माझी पंधरा वर्षांची कन्या म्हणाली, “बाबा, त्याला काम काय येतं हे तुम्ही कोणी विचारलंच नाही. आणि तो पाठवणार कुठे? ईमेल तर कुणीच दिला नाही.”

ज्या काळी आम्ही आलो त्या काळाच्या आठवणी सांगून या मुलांना धीर देण्याची आपल्याला सवय आहे. परंतु त्यांची नोकरी शोधण्याची मुदत कशी मोजली जाते याची आपल्यापैकी कितीकांना जाणीव असते? शिक्षणोत्तर ओपीटीच्या, म्हणजे पदवीनंतर विद्यार्थी-व्हिसावरच काम करण्याच्या परवानगीच्या, वर्षात विद्यार्थ्याचे बेकारीचे एकूण दिवस ९० च्या वर जाता कामा नयेत, पुढे विज्ञान-तंत्रज्ञानाची २४ महिन्यांची वाढ मिळाली तर आणखी ६०. आणि ज्याची एच-१बी या कामाच्या व्हिसावरची नोकरी गेली त्याला फार तर ६० दिवस. त्या सायंकाळी, मागाहून कळले, त्या मुलाचे ६४ दिवस भरले होते. अशा माणसाला ‘बघतो’ म्हणणे आणि मग न बघणे हे सरळ नकारापेक्षा निर्दय आहे, कारण नकाराने निदान त्याचा दिवस वाचतो.

आपण असे का वागतो, याचा मी बराच विचार केला आणि दर वेळी ‘वशिला’ या एका शब्दापाशी येऊन थांबलो. आमचे तीर्थरूप सातारच्या कलेक्टर कचेरीत अव्वल कारकून होते. साहेबांनी माझ्यासाठी पुण्याच्या एका कारखान्यास शिफारशीची चिठ्ठी देऊ केली, तेव्हा त्यांनी ती सविनय परत केली, आणि मी आठ महिने घरी बसलो. चिठ्ठी परत केल्याचा अभिमान आमच्या घरात आजही सांगितला जातो. त्या आठ महिन्यांचा हिशेब कोणी सांगत नाही. मात्र याच घरात विरजण संपले तर वाटी घेऊन शेजारी जाण्यात कधी कमीपणा वाटला नाही, आणि आज इथे तळघरातला संप-पंप बंद पडला की आम्ही व्हॉट्सॲपच्या तीन गटांवर प्लंबरची चौकशी करतो. अपात्राला पद मिळवून देतो तो वशिला. पात्र माणसाचा अर्ज ढिगातून वर काढून कोणाच्या तरी नजरेखाली घालते ती ओळख. हा भेद आपल्याला प्लंबरच्या बाबतीत उत्तम कळतो.

शिवाय ओळख जवळचीच हवी, हाही आपला एक भ्रम आहे. माझ्या थोरल्या बहिणीचे स्थळ आत्याच्या जावेच्या शेजारणीने सुचवले. सख्ख्या मामांना ते ठाऊक नव्हते, आणि असणे शक्यही नव्हते, कारण मामांना जी घरे ठाऊक ती आम्हालाही ठाऊकच होती. पुढे मला कळले की, मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने बॉस्टनजवळच्या न्यूटन गावातील नोकरदारांना विचारून १९७३ साली नेमकी हीच गोष्ट मांडली होती: ओळखीतून नोकरी लागलेल्यांपैकी शंभरात जेमतेम १७ जणांची ती बातमी देणाऱ्याशी वारंवार गाठ पडत असे, बाकीच्यांची कधीमधी किंवा क्वचितच. माझ्या आत्याला हे पुस्तकावाचून अवगत होते. तेव्हा मंडळात वर्षातून दोनदा भेटणारे, नावही नीटसे न आठवणारे आपण लोक या मुलांच्या दृष्टीने अत्यंत मोलाचे आहोत, आणि आपण त्यांना भडंगाविषयी विचारतो.

मागणाऱ्यांनीही थोडे ऐकावे. ‘काका, तुमच्या कंपनीत काही असेल तर सांगा’ या वाक्यावर काकांना काहीही करता येत नाही. काका आळशी असतात. कंपनीच्या संकेतस्थळावरील जागा तुम्ही शोधा, तिचा क्रमांक लिहा, आपण त्या जागेस का योग्य हे तीन ओळींत असे मांडा की काकांना ते जसेच्या तसे पुढे धाडता येईल, आणि हे सारे अर्ज भरण्यापूर्वी करा, कारण अनेक कंपन्यांत अर्ज एकदा दाखल झाला की मागाहून केलेली शिफारस धरली जात नाही. नोकरी मागू नका. वीस मिनिटे मागा, त्यांच्या खात्याचे काम कसे चालते ते विचारा, आणि उठताना आणखी कोणाशी बोलावे तेवढे विचारून घ्या. आणि ओपीटीच्या पहिल्या वर्षात आपल्या विषयाशी निगडित, आठवड्यास किमान २० तासांचे विनावेतन कामही रोजगारात धरले जाऊ शकते. विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कचेरीत याची खातरजमा करावी.

मुलाखतीविषयी पुष्कळ लिहिण्याजोगे आहे, पण जागा सरत आली. ‘स्वतःविषयी सांगा’ म्हटल्यावर दहावीच्या टक्क्यांपासून आरंभ करू नये, इतके तरी सांगतो. आमच्या सौभाग्यवतींच्या पुरणपोळीची पाहुण्यांनी स्तुती केली की त्या म्हणतात, “कसली हो, आज जरा बिघडलीच.” पंगतीत हा विनय शोभतो, परंतु मुलाखतीत ‘आम्ही केले, टीमने केले’ असे म्हणत राहिले की समोरचा प्रामाणिकपणे समजतो की हा बाजूला उभा होता. प्रसंग काय होता, जबाबदारी कोणती होती, मी काय केले आणि फलित काय निघाले, या क्रमाने चार-पाच हकिकती घरी मोठ्याने म्हणून तयार ठेवाव्यात. पूर्वीचा पगार आपल्या इलिनॉय राज्यात २९ सप्टेंबर २०१९ पासून मालकाला विचारता येत नाही. तो विचारण्याचा अधिकार आता फक्त मंडळातल्या काकूंकडे उरला आहे.

हे सारे लिहून वाचून पाहिले तेव्हा कीर्तनकाराचा सूर लागल्यासारखे वाटले. वाचकांनी क्षमा करावी, विशेषतः काकूंनी. उपदेशाचा मला अधिकारही फारसा नाही. काही वर्षांपूर्वी संक्रांतीच्या कार्यक्रमात एका बाईंनी आपल्या यजमानांचा रेझ्युमे, लखोट्यात घालून, माझ्या हाती दिला होता. मोटार विकायला काढली तेव्हा तो लखोटा मला हातमोज्यांखाली, न फोडलेला सापडला. ते कुटुंब तोवर टेक्ससला निघून गेले होते.

त्या तरुणाचा पत्ता मी कोषाध्यक्षांच्या कुपनांच्या यादीतून मिळवला आणि मंगळवारी त्याच्याशी वीस मिनिटे बोललो, ती चाळीस झाली. रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात कोणत्या घटकेला किती गर्दी होईल याचा अंदाज बांधणारी पद्धती त्याने विद्यापीठात रचली होती. त्या रात्री पाऊण तास तो हे सांगायला उत्सुक असणार, आणि आम्ही विषय डब्यावर नेला. ज्याला सहा वर्षांत एक अक्षर लिहिलेले नाही अशा एका जुन्या सहकाऱ्याला मी संकोच गिळून चार ओळी धाडल्या आहेत. त्यांचे उत्तर अजून आलेले नाही. हे लिहितो आहे तो मुलाचा ७८ वा दिवस.