शब्दांची गंमत : करिश्मा

आमच्या जालन्यात निवडणुकीचे वारे सुटले की ‘कॅरिस्मॅटिक’ या विशेषणाचे मोठे पीक येते. पुढारी कसा हवा? कॅरिस्मॅटिक! मोंढ्यातले अडतेसुद्धा आता ‘साहेबांचा करिश्मा’ असे बिनदिक्कत म्हणतात.

मौज अशी की, हे दोन शब्द भाऊ दिसतात, पण आहेत निराळ्या घराण्यांतले. ‘करिश्मा’ आला फारसीतून. तिकडे त्याचा अर्थ नेत्रकटाक्ष, नखरा. उर्दूत तो ‘चमत्कार’ या अर्थी रुळला. आमच्याकडे १९४८ पर्यंत निजामाचा अंमल आणि कचेरीत उर्दू, तेव्हा या शब्दाला येथे परके कोण म्हणणार? इंग्रजी विशेषणाचे मूळ मात्र ग्रीक. ‘खारिस’ म्हणजे कृपा, ‘खारिस्मा’ म्हणजे कृपेने मिळालेले दान. संत पौलाच्या पत्रांत तो ईश्वरी देणगी या अर्थाने येतो. त्याला राजकारणात ओढले मॅक्स वेबर या जर्मन पंडिताने. वेबर १९२० साली वारले, पण एक खोच मारून गेले : हे तेज पुढाऱ्याच्या अंगी खरोखर आहे की नाही हा प्रश्नच नाही, अनुयायी मानतात तोवर ते असते.

बरे, थोरांसाठी आपल्याकडे विशेषणे का कमी होती? याच जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यात, जांब गाव आहे. तेथे सूर्याजीपंत ठोसरांच्या घरी १६०८ साली नारायण जन्मला. तेच समर्थ रामदास. थोरले बंधू गंगाधरपंत, त्यांना लोक ‘श्रेष्ठ’ म्हणत. एकाच माजघरातली दोन विशेषणे, आणि दोन्हींची नावे झाली! गावसुद्धा आता जांबसमर्थ.

‘श्रेष्ठ’ म्हटले की तुलना आली. कोणीतरी खाली हवाच. ‘समर्थ’ला त्याची गरज नाही. ज्याला काम झेपते तो समर्थ. मला त्याहून आवडतो तो पाणिनीचा अर्थ. ज्यांचे अर्थ एकमेकांशी जुळतात ती पदे ‘समर्थ’, आणि समास त्यांचाच. पतंजलीने गमतीचे उदाहरण दिले आहे : ‘बायको राजाची, माणूस देवदत्ताचा’. येथे राजा आणि माणूस शेजारी बसले आहेत, पण ‘राजपुरुष’ काही होत नाही.

आमच्या चौकातल्या फलकावरही एका साहेबांचे नाव आणि ‘पाणी’ हे शब्द शेजारीशेजारी आहेत. नळ पाहून ठरवू.